रेड स्पेशलचे तीन पिकप: फायरप्लेसच्या गोष्टीत हरवलेल्या बर्न्स कंपनीचं प्रकरण

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडच्या गिटारवादक ब्रायन मेची गिटार म्हटलं की सगळ्यांना एकच गोष्ट माहीत असते, जुन्या फायरप्लेसच्या लाकडातून बाप-लेकाने घरी बनवलेली रेड स्पेशल. गोष्ट खरी आहे आणि भारीही आहे, पण ती इतक्या वेळा सांगून झालीय की त्या गिटारीतला जो भाग घरी बनलेला नाही, सरळ विकत आणलेला आहे, त्याच्याकडे कोणी बघतच नाही. तो भाग म्हणजे तीन पिकप, म्हणजे तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारे, चुंबक आणि तारेचे वेढे (कॉइल) असलेले छोटे डबे. कंपनी बर्न्स, मॉडेल ट्राय-सॉनिक, आणि १९६०च्या दशकात ते ब्रिटनमध्ये कुठल्याही पोराला मिळण्यासारखे होते. माझं म्हणणं असं की त्या आवाजाचं जे श्रेय लोक लाकडाला देतात त्यातला मोठा वाटा या तीन डब्यांचा आणि त्यांच्या वायरिंगचा आहे, आणि हे एकदा नीट समजलं की युरोपातल्या जुन्या इलेक्ट्रिक गिटारींकडे "अमेरिकेची फेंडर परवडली नाही म्हणून घेतलेली" अशा नजरेने बघणं आपोआप थांबतं. म्हणून हे एकच प्रकरण सुरुवातीपासून मांडतोय.

आधी तो काळ. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनकडे डॉलरची चणचण होती, त्यामुळे १९५१ ते १९५९ अमेरिकन वाद्यांच्या आयातीवर बंधनं होती. म्हणजे रॉक अँड रोलची लाट आली तेव्हा पोरांना रेडिओवर फेंडर-गिब्सन ऐकू यायच्या पण दुकानात दिसायच्या नाहीत. ती जागा युरोपने भरली, जर्मनीतून हॉफनर आणि फ्रॅमस, चेकोस्लोव्हाकियातून रेझोनेट ग्राझिओसो जी ब्रिटनमध्ये फ्युचुरामा नावाने विकली गेली, हॉलंडमधून एगमंड, पुढे स्वीडनची हॅगस्ट्रॉम आणि इटलीची एको. यातले बरेच कारखाने आधी अकॉर्डियन, व्हायोलिन किंवा साध्या गिटारी बनवणारे होते. त्यामुळे पिकप कसा असावा याचं एक ठरलेलं अमेरिकन उत्तर डोक्यात नसताना त्यांनी कामाला सुरुवात केली, कोणी पट्टीचं चुंबक लावलं, कोणी रुंद सपाट कॉइल केली, कोणी अकॉर्डियनसारखी बटणं बसवली. काही प्रयोग फसले, काही आजही ऐकताना अंगावर काटा येतो असे जमले. गायक क्लिफ रिचर्डने १९५९ मध्ये आपला गिटारवादक हँक मार्विनसाठी फेंडरची लाल स्ट्रॅटोकास्टर मागवली तेव्हा ती ब्रिटनमधली पहिली स्ट्रॅट असं म्हटलं गेलं, यावरून काय दुष्काळ होता ते समजून घ्या.

बंदी उठली तरी किंमत काही उतरली नाही, अमेरिकन गिटार ही पगारदार माणसालाही परवडणारी वस्तू नव्हती. याच फटीत जिम बर्न्स उभा राहिला. पूर्ण नाव जेम्स ऑर्मस्टन बर्न्स, जन्म १९२५, स्वतः हवाईयन गिटार वाजवणारा, फेलिक्स मेंडेल्सनच्या हवाईयन सेरेनेडर्समध्ये स्टील गिटार वाजवलेला माणूस. १९५९ मध्ये हेन्री वाइलसोबत बर्न्स-वाइल नावाने गिटारी काढल्या, ती भागीदारी लवकर मोडली आणि १९६० पासून स्वतःची कंपनी. लोक त्याला ब्रिटनचा लिओ फेंडर म्हणतात, मला ते फारसं पटत नाही कारण दोघांची वृत्तीच वेगळी होती. फेंडरचा कल वस्तू सोपी करत नेण्याकडे, आणि बर्न्सला प्रत्येक गिटारीत काहीतरी नवीन यंत्र घालायची हौस. बायसन, जॅझ स्प्लिट साउंड या गिटारींमध्ये त्याने पिकपची कॉइल दोन भागांत केली, जाड तारांना वेगळी आणि बारीक तारांना वेगळी, आणि स्विचवर एका सेटिंगचं नावच वाइल्ड डॉग ठेवलं! पण या सगळ्यात साधा आणि माझ्या मते सगळ्यात सुंदर निघालेला पिकप म्हणजे सुरुवातीचा ट्राय-सॉनिक, जो सॉनिक, आर्टिस्ट, व्हायब्रा आर्टिस्ट या मॉडेलांवर असायचा.

आता मुलाकडे येऊ. ब्रायन मे, जन्म १९ जुलै १९४७, लंडनच्या पश्चिमेला फेल्टममध्ये वाढलेला. वडील हॅरॉल्ड मे इलेक्ट्रॉनिक्समधले, सरकारी खात्यात ड्राफ्ट्समन, घरातल्या वस्तू स्वतः बनवणारे. ब्रायनला लहानपणी मिळालेली पहिली गिटार होती एगमंड, म्हणजे तीच स्वस्तातली डच कंपनी जिची गिटार जॉर्ज हॅरिसननेही सुरुवातीला वाजवली. ती अकूस्टिक होती, इलेक्ट्रिक आवाज हवा म्हणून त्याने चुंबकं आणि तांब्याची तार घेऊन घरीच पिकप केला आणि तिच्यावर बसवला. या प्रकरणातला कळीचा मुद्दा मला इथे दिसतो, रेड स्पेशल सुरू व्हायच्या आधीच या पोराला पिकप आतून कसा असतो ते हाताने माहीत होतं.

ऑगस्ट १९६३ मध्ये काम सुरू झालं, ब्रायन १६ वर्षांचा, आणि पुढची साधारण दोन वर्षं ते चाललं. लाकूडकाम मी पटकन सांगून टाकतो कारण ते सगळीकडे मिळतं. नेक, म्हणजे गिटारीची मान, जुन्या फायरप्लेसच्या महोगनीचा, किडीची भोकं आगपेटीच्या काड्यांनी बुजवलेली, बॉडीत जुन्या टेबलाचं ओक आणि ब्लॉकबोर्ड, वरून महोगनीचं व्हीनियर, आत पोकळ कप्पे. फ्रेटबोर्डवरचे ठिपके आईच्या शिंपल्याच्या बटणांचे, ट्रेमोलोला (दांड्याने सगळ्या तारांचा सूर हलवणारं यंत्र) जुन्या मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा आणि सुरीच्या धारेसारखी टेकण, आणि दांड्याचं टोक आईच्या विणकामाच्या सुईचं. स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, २४ इंच, फ्रेट २४.

पिकपही त्याने घरीच केले होते, तीनही. वाइंडिंगचं यंत्र स्वतः बनवलं, हार्डवेअरच्या दुकानातून इक्लिप्स कंपनीची बटणासारखी चुंबकं आणली, तार गुंडाळली. आवाज चांगला आला, चमकदार आला. पण तार ओढून बेंड घेतला (सूर वर चढवला) की मध्येच एक विचित्र सळसळ यायची आणि सूर मोडल्यासारखा वाटायचा. कारण चुंबकांची मांडणी. उत्तर आणि दक्षिण ध्रुव तारांच्या खाली असे आडवे आले होते की बेंड करताना तार एका ध्रुवावरून सरकून दुसऱ्यावर जायची. पिकपमध्ये कॉइलला जो करंट मिळतो तो तार चुंबकाच्या क्षेत्रात हलल्यामुळे, आणि ते क्षेत्रच उलटं झालं तर सिग्नलही उलटा होतो आणि उलटा होण्याच्या जागेवर जवळजवळ नाहीसा होतो. म्हणजे कॉर्ड वाजवून मोकळं होणाऱ्या माणसाला हा पिकप चालला असता, पण ज्याला बेंड आणि व्हायब्रॅटोवर गाणं म्हणायचंय त्याला नाही. आपल्याकडे मींड ऐकत वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको, मींडेच्या मध्यावर सूर तुटला तर उरलेलं कितीही गोड असो, उपयोग काय.

पर्याय काय होते ते बघू. चुंबकं बदलून परत वाइंडिंग करायची, म्हणजे अजून महिने. अमेरिकन पिकप सुटे मिळवायचे, म्हणजे पैसा. किंवा बर्न्स. त्याने तीन ट्राय-सॉनिक घेतले. आणि दोष जिथे होता नेमका तिथेच मिटला, कारण ट्राय-सॉनिकची रचनाच तशी आहे. त्यात फेंडरसारखे सहा तारांना सहा वेगळे खांब नाहीत, कॉइलच्या मधोमध सिरॅमिक चुंबकाच्या पट्ट्या लांबीने बसवलेल्या आहेत आणि एका बाजूचा ध्रुव सगळ्या तारांकडे असतो. तार डावीकडे ओढा, उजवीकडे ओढा, तिच्या खाली चुंबक तसंच राहतं. सहा खांबांच्या पिकपवर मोठा बेंड घेतला की तार आपल्या खांबावरून सरकते आणि कान देऊन ऐकलं तर आवाज किंचित पातळ होतो, पट्टीवर ते होत नाही, बेंड वर चढतो तोही भरलेलाच राहतो. त्यात भर म्हणजे कॉइल रुंद आणि सपाट, त्यामुळे तारेचा जरा मोठा तुकडा तिच्या नजरेत येतो आणि टोकदार टिंगऐवजी थोडा गोलावा असलेला पण स्पष्ट आवाज मिळतो. सिंगल कॉइलची स्वच्छता आहे, पण कानात टोचणारं टोक नाही. मला हा आवाज फेंडर आणि गिब्सन यांच्या मधला वाटत नाही, तो तिसराच आहे.

आता ट्राय-सॉनिकची कमजोरी, कारण प्रेम आहे म्हणून ती लपवायची गरज नाही. त्याच्या कॉइलला नेहमीसारखी बॉबिन नसते, तार गुंडाळून, बांधून धातूच्या डब्यात ठेवलेली. त्यामुळे अँप मोठ्या आवाजात लावला की कॉइलचे सैल वेढे स्वतःच थरथरतात आणि पिकप मायक्रोफोनसारखा वागतो, शिट्टी मारायला लागतो. ब्रायनने काय केलं, डबे उघडून कॉइलमध्ये अराल्डाइट भरलं, तेच जे आपल्याकडेही कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. वेढे घट्ट बसले, शिट्टी आटोक्यात आली, आणि उरला तो चांगला फीडबॅक, म्हणजे तारेचा, जो अर्धपोकळ बॉडीमुळे त्या गिटारीला सहज मिळतो आणि सूर लांबवायला कामी येतो. मेणात बुडवूनही हेच काम होतं आणि आज कोणी विचारलं तर मी मेणच सांगेन, कारण अराल्डाइट एकदा बसलं की आतली तार तुटल्यावर दुरुस्ती अशक्यच समजा. पण १६-१७ वर्षांच्या पोराने दोष ओळखून घरात असलेल्या वस्तूने तो कायमचा मिटवला, याला माझा सलाम आहे.

आणि आता वायरिंग, जे या प्रकरणातलं सगळ्यात कमी बोललं गेलेलं आणि मला सगळ्यात जास्त आवडणारं अंग आहे. फेंडरमध्ये दोन पिकप एकत्र लागले की ते पॅरलल, म्हणजे शेजारी-शेजारी जोडलेले असतात. रेड स्पेशलमध्ये तिन्ही पिकप सिरीजमध्ये आहेत, एकामागे एक. प्रत्येकाला एक ऑन-ऑफचा स्लाइड स्विच आणि एक फेज (सिग्नलची दिशा) उलटा करणारा, एकूण सहा स्विच, आणि सगळ्यांना मिळून एकच व्हॉल्यूम, एकच टोन. सिरीज असल्यामुळे पिकप बंद करायचा म्हणजे तो तोडायचा नाही, त्याला शॉर्ट करून बाजूला काढायचा, नाहीतर सगळाच सिग्नल बंद पडेल.

याने होतं काय ते बघा. दोन सारखे पिकप पॅरलल जोडले तर इंडक्टन्स (बदलत्या करंटला कॉइलचा होणारा विरोध) अर्धा होतो, सिरीज जोडले तर दुप्पट. पिकपचा स्वतःचा एक रेझोनन्स असतो, एका ठरावीक फ्रिक्वेन्सीला त्याचा आवाज उचलला जातो, आणि केबल तीच धरली तर इंडक्टन्स दुप्पट झाल्यावर ते शिखर साधारण ७१ टक्क्यांवर खाली येतं, तिन्ही सिरीज केले तर ५८ टक्क्यांच्या आसपास. पॅरललमध्ये उलट, ते वर चढतं, म्हणूनच स्ट्रॅटचा मधला आवाज तसा काचेसारखा लागतो. म्हणजे सिरीजमध्ये आवाज दणदणीत, मिडरेंज जाड, हंबकरच्या (दोन कॉइलच्या पिकपच्या) जवळ जाणारा, पण दोन कॉइल गिटारीच्या दोन वेगळ्या ठिकाणी असल्यामुळे हंबकरचा एकसुरीपणा नाही. वरची चमक कमी झाली ती ब्रायन ट्रेबल बूस्टरने (वरचे स्वर वाढवणारं छोटं यंत्र) भरून काढतो आणि मग व्हॉक्स एसी ३० या अँपला पूर्ण ढकलतो. पिकप, सिरीज, बूस्टर, अँप ही साखळी आहे, त्यातली पहिली कडी बदलली तर पुढचं सगळं बदलतं.

फेजचंही तसंच. दोन पिकप उलट्या फेजमध्ये लावले की खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात, कारण तारेच्या मूळ कंपनात नेक आणि मधला दोन्ही पिकप एकाच दिशेची हालचाल बघतात. वरच्या हार्मोनिक्समध्ये मात्र दोन जागांवर तार उलटसुलट हलत असते त्यामुळे ते टिकतात, उलट वाढतातही. म्हणून तो किंचाळल्यासारखा, नाकातून आल्यासारखा पण अंगावर येणारा आवाज. एकेक पिकप धरून ३, जोड्यांचे सरळ-उलट मिळून ६, तिन्ही एकत्र ४, असे एकूण १३ वेगवेगळे आवाज त्या सहा स्विचमधून निघतात, आणि हे त्या काळात जेव्हा स्ट्रॅटला फक्त तीन जागांचा स्विच यायचा. पुढे क्वीनमध्ये त्याने गिटारीवर गिटारी चढवून जो वाद्यवृंद उभा केला, कुठे क्लॅरिनेटसारखं काही, कुठे ब्रासच्या सेक्शनसारखं, त्यासाठी त्याला गिटारींचा ढीग लागला नाही. एकीकडे पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकून गेलेल्या गायक फ्रेडी मर्क्युरीच्या आवाजाचे थर आणि दुसरीकडे या तीन पिकपांचे थर, दोन्ही एकाच वेळी कानावर येतात आणि कुठेही चिखल होत नाही, याचं एक कारण मला हेच वाटतं की प्रत्येक थराला फेज बदलून वेगळी जागा देता येत होती.

यावर लोक म्हणतात, अहो पण तो सहा पेन्सच्या नाण्याने वाजवतो, पोकळ बॉडी आहे, ते लाकूड, तो हात. मान्य आहे, हात तर सगळ्यात आधी मान्य. पण पुरावा बघा. १९८४ च्या सुमारास अमेरिकेच्या गिल्ड कंपनीने रेड स्पेशलवरून पहिलं अधिकृत मॉडेल काढलं, ब्रायनच्या नावाचं, आणि त्यात पिकप डिमार्झिओचे होते. चांगली कंपनी, चांगले पिकप, पण पुढे ज्या ज्या वेळी त्या आवाजाच्या जवळ जायचा प्रयत्न मनापासून झाला त्या त्या वेळी लोक परत ट्राय-सॉनिककडेच आले. २००१ मध्ये ब्रायनच्या नावाची गिटार बाजारात आली ती तर खुद्द पुन्हा उभ्या राहिलेल्या बर्न्स कंपनीनेच काढली. फायरप्लेस कोणी शोधत बसलं नाही, पिकप मात्र शोधावेच लागले.

मग इतकं असून बर्न्स अजून दुर्लक्षित का? माझ्या मते मोठं कारण १९६५. त्या वर्षी जानेवारीत सीबीएसने फेंडर १ कोटी ३० लाख डॉलरला घेतली. सिनसिनाटीची बाल्डविन ही पियानो कंपनीही गिटारीच्या धंद्यात उतरायला बघत होती, फेंडर हातची गेली आणि तिने त्याच वर्षी बर्न्स विकत घेतली. नावावर बाल्डविन आलं, मॉडेलं बदलत गेली आणि १९७० च्या आसपास उत्पादन थांबलं. म्हणजे कंपनीला स्वतःच्या नावाने सलग मिळाली ती जेमतेम पाच वर्षं! हँक मार्विनसारखा माणूस स्ट्रॅट सोडून १९६४ मध्ये बर्न्स मार्विनवर आला होता, त्याच्या पुढच्याच वर्षी हे झालं. फेंडर-गिब्सन १९७० आणि ८० च्या दशकांतही दुकानात होत्या, नवीन पोरांच्या हातात होत्या, त्यांची दंतकथा रोज वाढत होती, आणि बर्न्सची वाढायला कोणी शिल्लकच नव्हतं. शिवाय ती लांब टोकदार शिंगं, वळलेलं हेडस्टॉक, बटणं आणि नॉब, जे मला देखणं वाटतं ते विकत घेणाऱ्याला विचित्र वाटतं. त्यामुळे त्याच वर्षाच्या फेंडरच्या मानाने साठच्या दशकातली बर्न्स सॉनिक आजही बऱ्याच कमी पैशात मिळते, आणि तिच्यावर दोन खरे ट्राय-सॉनिक असतात.

इथे एक कळकळीची विनंती. रेड स्पेशलची नक्कल करायची म्हणून जुनी सॉनिक मोडून तिचे पिकप काढू नका. नवीन ट्राय-सॉनिक बनतात, ते वापरा, जुनी गिटार अख्खी राहू दे. ते जुने डबे स्ट्रॅटच्या खाचेत तसेही मावत नाहीत, लाकूड कापावं लागतं, म्हणजे एका कामात दोन गिटारी बिघडतात.

परदेशातून कोणी आणत असेल किंवा तिकडे राहणारं कोणी बघायला जाणार असेल तर थोडं व्यवहाराचं. मल्टिमीटर घेऊन जा आणि प्रत्येक पिकप स्वतंत्र मोजा. रीडिंगच येत नसेल तर तार तुटलीय किंवा बाहेरच्या वायरचा सोल्डर सुटलाय, आणि बऱ्याचदा दुसरंच असतं, त्यामुळे लगेच रिवाइंडिंगच्या मागे लागू नका. पिकप डब्यावर बोटाने हलके टकटक करून अँपमधून ऐका, टकटक मोठी आली तर मायक्रोफोनिक आहे, हे ट्राय-सॉनिकला शोभूनच दिसतं, त्यावरून भाव पाडा पण गिटार नाकारू नका. चुंबकाचा ध्रुव छोट्या होकायंत्राने बघून ठेवा, पुढे फेज जुळवताना लागतो. डब्याचं अर्थिंग तपासा, ब्रिटनची वीज ५० हर्ट्झची आणि आपलीही, म्हणजे हम सारखाच असणार, पण आपल्याकडे घराच्या वायरिंगमध्ये अर्थिंग धड नसेल तर सिंगल कॉइल जास्त कुरकुरते. स्विच आणि पॉट (व्हॉल्यूम-टोनचे नॉब) नुसते मळलेले असतात, कॉन्टॅक्ट क्लीनरने बहुतेक वेळा मोकळे होतात.

आणि गिटार हातात आली की पहिला प्रयोग हा करा: दोन्ही पिकप मूळ वायरिंगवर ऐका, मग बाहेरच्या बाहेर, गिटारीला भोक न पाडता, क्लिप लावून ते सिरीजमध्ये जोडा, अँपचा ट्रेबल थोडा वाढवा आणि सातव्या फ्रेटच्या वर कुठेही एक पूर्ण स्वराचा बेंड सावकाश घ्या. नंतर एका पिकपच्या दोन वायरी उलटवून तोच बेंड परत घ्या.